आजीची नीळ आणि नातवाचं स्पॅनिश

पत्र

सप्रेम नमस्कार. मी नौपाड्यात राहते, वय चौसष्ट. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीवाले, त्यामुळे सहा वर्षांचा नातू ईशान शाळेतून सुटला की रात्रीपर्यंत माझ्याकडेच असतो. जावयांची माद्रिदला बदली झाली आहे. येत्या मार्चमध्ये सगळे तिकडे जातील. तिथल्या शाळेत त्याला जड जाऊ नये म्हणून मुलीने त्याला मोबाइलवर स्पॅनिश रंगांची गाणी लावून दिली. महिनाभरात इंद्रधनुष्याचे सातही रंग त्याला तोंडपाठ झाले. परवा मी मोरीतली हिरवी बादली दाखवून विचारलं, हा रंग कुठला? तर गप्प. मग त्याने गाणं पहिल्यापासून म्हणायला घेतलं आणि भलत्याच रंगापाशी थांबून माझ्याकडे बघत बसला. शिवाय एका व्हिडिओत निळ्याला ‘आसुल’ म्हणतात, दुसऱ्यात ‘आथुल’. त्यावरून तो माझ्याशी भांडतो. मी त्याच्यासोबत बसून शिकावं म्हटलं, तर जावई म्हणाले, “आई, तुमच्या मराठी उच्चारांनी त्याचं स्पॅनिश बिघडेल.” ऑनलाइन क्लासच्या बाईंनी तर घरात मराठी कमी करा, असं सांगितलं आहे. मला स्पॅनिशचा गंधही नाही. मी यातून बाजूला व्हावं का?

– एक आजी, नौपाडा, ठाणे

उत्तर

नौपाड्याच्या ताई, सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर सांगते, कारणं मग. बाजूला होऊ नका. ईशानच्या स्पॅनिशचे पहिले सात महिने तुमच्याच घरात, तुमच्याच मोरीत आणि तुमच्याच गॅलरीत व्हायला हवेत. तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं ते स्पॅनिशसाठी नाही. ज्या घरात या इंद्रधनुष्याचं निम्मं सामान आधीच भरलेलं आहे, त्याच घरातल्या माणसाला “तुम्हाला यातलं काय कळतं” असं वाटायला लावलं गेलं, याचं वाईट वाटलं.

हिरव्या बादलीपासूनच सुरुवात करू. ईशान गाणं पहिल्यापासून म्हणायला लागला, कारण त्याला रंग आलेले नाहीत, गाणं आलेलं आहे. पाढे पाठ असलेल्या मुलाला ‘सात चोक’ विचारलं की ते मनात ‘सात एके सात’पासून सुरू होतं, तसंच हे. यात त्याची चूक नाही आणि तुमच्या मुलीचीही नाही. स्पॅनिश शिकवायला लागले तेव्हा मी स्वतः हेच केलं होतं. ठाण्यातल्या एका वर्गात भिंतीवर सात पट्ट्यांचा मोठा तक्ता लावला होता. मी छडी ठेवायची आणि मुलं ओरडायची: रोहो, नारांहा, आमारियो, म्हणजे तांबडा, नारिंगी, पिवळा. एक मुलगी तर कधीच चुकायची नाही. एके दिवशी तक्ता फाटला. दुसरा आणला, त्यात रंगांचा क्रम वेगळा होता. तर ती पिवळ्या पट्टीला ‘रोहो’ म्हणाली, कारण ती पट्टी सगळ्यात वर होती. तिला रंगांच्या जागा पाठ होत्या. तिचा गोंधळलेला चेहरा मला आजही आठवतो. त्या दिवसापासून मी रंग ओळीने शिकवणं सोडलं.

म्हणून सातांची ओळ आधी बाजूला ठेवा. गाणं वाजू दे, ते काही वाईट नाही, पण त्याला शिकवणी समजू नका. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फक्त तीन रंग घ्या, एकमेकांपासून लांबचे: रोहो म्हणजे तांबडा, आमारियो म्हणजे पिवळा, आथुल म्हणजे निळा. तांबडा आणि नारिंगी, किंवा निळा आणि पारवा, असे शेजारी एकदम घेऊ नका. मोठ्यांचीही तिथे फसगत होते.

आणि रंग कधी एकटा शिकवू नका. तो कशाचा तरी रंग असला पाहिजे. स्पॅनिशमध्ये ही सोय भाषेनेच करून ठेवली आहे. आपण ‘लाल बादली’ म्हणतो, ते ‘बादली लाल’ म्हणतात. स्पेनमध्ये बादलीला ‘कूबो’ म्हणतात, म्हणजे लाल बादली झाली ‘एल कूबो रोहो’. मुलाच्या डोळ्यांपुढे आधी वस्तू येते, मग तिचा रंग. माझा अनुभव असा की लहान मुलांना हा क्रम फार सोपा जातो, कारण कुठे बघायचं ते आधीच ठरलेलं असतं. तुम्हाला एक प्रश्न आणि एक उत्तर आलं की पुष्कळ झालं. प्रश्न: ‘दे के कोलोर एस?’ म्हणजे कुठल्या रंगाचा आहे? उत्तर: ‘एस रोहो.’ लाल आहे. ‘एस’ म्हणजे ‘आहे’. बादली भरताना, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना दिवसातून आठ-दहा वेळा सहज विचारा. आणि त्यालाही तुम्हाला विचारू द्या. तुम्ही चुकलात की त्याला जो आनंद होईल, त्यात तो शब्द कायमचा पक्का होईल. ही परीक्षा मात्र करू नका. पाहुण्यांपुढे “म्हणून दाखव बघू” तर अजिबात नको.

आता जावयांचं म्हणणं. त्यांच्या काळजीत थोडं तथ्य आहे, पण त्यांना वाटतं तेवढं नाही. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. स्वच्छ, न ताणलेले, आपण बाराखडीत म्हणतो तसे. इंग्रजी बोलणाऱ्याचं तोंड हे पाच स्वर म्हणताना वाकडंतिकडं होतं, तुमचं होणार नाही. स्पॅनिशमधले त आणि द दाताला जीभ लावून येतात, आपल्यासारखेच. इंग्रजी माध्यमातली कितीतरी मुलं माझ्याकडे येऊन ‘बियोलेता’चं, म्हणजे जांभळ्याचं, ‘व्हायोलेटा’ करतात, त्यांची जीभ ट वरून त वर आणायला मला महिना लागतो. मराठी बोलणाऱ्या आजीला तो ‘ता’ शिकवावाच लागत नाही. आणि र! ‘रोहो’तला पहिला र जोरात, थरथरवून म्हणायचा असतो, आपण ‘कर्र’ आवाज काढताना काढतो तसा. तोही तुमच्या जिभेत आहे.

ज्या जागा खरोखर वेगळ्या आहेत, त्या तीनच. ‘रोहो’ आणि ‘नारांहा’ यातला ह आपला हलका ह नाही. तो घशातून, जरा खरखरीत येतो, आणि माद्रिदकडे तर चांगलाच खरखरीत. दुसरं, व आणि ब यांचा उच्चार ते एकच करतात, म्हणून हिरवा म्हणजे ‘बेर्दे’ आणि जांभळा म्हणजे ‘बियोलेता’. आपल्याला यात नवल वाटायला नको, आपलं वांगं हिंदीत बैंगन होतंच. तिसरी जागा म्हणजे तुमच्या भांडणातला आथुल.

त्या भांडणात तुम्ही दोघंही बरोबर आहात. मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना, एकूण सगळ्या लॅटिन अमेरिकेत ‘आसुल’ म्हणतात. माद्रिदमध्ये आणि स्पेनच्या बऱ्याच भागात ‘आथुल’. हा थ आपल्या थाळीतला नाही. जिभेचं टोक वरच्या-खालच्या दातांच्या मधे आणायचं आणि नुसती हवा सोडायची. आरशासमोर दोघांनी करून बघा, जीभ जराशी बाहेर दिसली पाहिजे. ईशान माद्रिदला जाणार आहे, तेव्हा त्याने आथुल पक्कं करावं. पण आसुल म्हणणाऱ्याला चूक म्हणू नये, हेही त्याला आत्ताच सांगा. त्याच्या वर्गात इक्वेडोर किंवा कोलंबियाहून आलेल्या घरांतली मुलं असू शकतात, आणि ती आसुलच म्हणतील.

या तीन जागांसाठी एवढंच करा: रोज पाच-सात मिनिटं स्पेनमधल्या माणसाच्या आवाजातलं काहीतरी दोघं मिळून ऐका. तुम्ही शेजारी बसून ऐका, शिक्षक म्हणून नाही, सोबतीण म्हणून. मूल उच्चार उचलतं ते मूळ आवाजातून. शब्दाला अर्थ येतो तो तुमच्या हातातल्या बादलीमुळे. जावईबापूंना माझ्या नावाने हे सांगायला हरकत नाही.

आता मला जे सगळ्यात मनापासून सांगायचंय, ते सांगते.

नारांहा. हा शब्द एकदा मोठ्याने म्हणा. नारिंगच आहे ना? आपल्या संस्कृतातला ‘नारंग’ फारसीत नारंग म्हणून गेला, अरबीत नारंज झाला, अरबांबरोबर स्पेनमध्ये पोचला आणि तिथे नारांहा झाला. फळही तेच, रंगही तोच. आता पारवा घ्या. स्पॅनिश इंद्रधनुष्यात पारव्याच्या जागी ‘आन्यिल’ येतो. हा शब्द अरबी ‘अन्-नील’मधून आला आणि अरबीतला नील आपल्याच नीळ या शब्दातून. म्हणजे पांढऱ्या कपड्यांना तुम्ही शेवटच्या पाण्यात जी नीळ घालत आलात, तीच. स्पेनमधल्या जुन्या पिढीतल्या बायकाही पांढऱ्या चादरींना निळीची पूड लावायच्या. तिकडे तिला ‘आथुलेते’ म्हणतात. तुमच्या कपाटात जुनी नीळ शिल्लक असेल तर एका वाटीत पाणी घेऊन त्यात चिमूटभर टाका. ती खाली उतरताना जो धुरासारखा गडद निळा लोट पसरतो ना, तो ईशानला दाखवा आणि म्हणा, ‘आन्यिल’. सात रंगांत हाच एक रंग असा आहे की जो मुलांना पट्टीवर दाखवून कळत नाही. वाटीत कळतो.

याहून गंमत पुढे आहे. आकाशात काही सात रेघा आखलेल्या नसतात, एक रंग दुसऱ्यात विरघळत जातो. न्यूटनने लोलकातून सूर्यप्रकाश फोडून पाहिला तेव्हा सुरुवातीला त्याने पाचच मुख्य रंग धरले होते: तांबडा, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. पुढे संगीतातल्या सात सुरांशी मेळ बसावा म्हणून त्याने आणखी दोन घातले आणि 1704 साली छापलेल्या आपल्या प्रकाशावरच्या ग्रंथात सातच कायम केले. नंतर घातलेले ते दोन रंग कोणते? नारिंगी आणि पारवा. स्पॅनिशमध्ये नारांहा आणि आन्यिल. म्हणजे पाचाचे सात ज्या दोन रंगांनी झाले, त्या दोघांची स्पॅनिश नावं आपल्याकडून गेलेली आहेत! ज्या दिवशी मला हे पहिल्यांदा जुळलं, त्या दिवशी मी वर्गात मुलांना सांगताना जवळजवळ उड्या मारत होते. तुम्हीही ईशानला सांगा. माद्रिदच्या शाळेत तो परका म्हणून जाईल, पण हे दोन शब्द त्याच्या आधीच तिथे राहायला गेलेले आहेत.

आणखी दोन आहेत, हवे तर ठेवा, नाहीतर पुढे कधी. स्पॅनिशमध्ये गडद लाल म्हणजे ‘कार्मेसी’, आणि मराठीत किरमिजी. दोघांच्याही मुळाशी कृमी आहे, कारण तो रंग किड्यापासून काढत. आणि वांग्याला ते ‘बेरेंहेना’ म्हणतात. संस्कृत ‘वातिंगण’ फारसी-अरबीतून जात जात बेरेंहेना झालं. भरली वांगी करायला घ्याल तेव्हा सांगून टाका.

इंद्रधनुष्याला स्पॅनिशमध्ये ‘आर्कोईरिस’ म्हणतात, जोर ‘ई’वर. आर्को म्हणजे धनुष्य किंवा कमान. इरिस ही ग्रीक पुराणातली देवांची दूती. म्हणजे तिकडेही धनुष्य आणि इकडेही धनुष्य, इकडे इंद्राचं, तिकडे इरिसचं. फक्त आपण देवाचं नाव आधी घेतो, ते धनुष्य आधी घेतात. लाल बादली आणि बादली लाल यांच्यात जो फरक, तोच इथेही. ईशानला हा एक उलटा क्रम कळला की स्पॅनिशचं अर्धं व्याकरण त्याच्या कानाला ओळखीचं होईल.

उरलेल्या व्याकरणात मराठी पुन्हा मदतीला येते. आपण पिवळा आंबा, पिवळी साडी, पिवळं केळं म्हणतो. पण लाल मात्र लाल आंबा, लाल साडी, लाल फूल, कुठेच बदलत नाही. स्पॅनिशमध्ये अगदी हेच चालतं. कूबो रोहो, पण घराला म्हणजे कासाला ‘कासा रोहा’. आमारियोचा आमारिया होतो. बेर्दे आणि आथुल मात्र पुरुषाचे-बाईचे सारखेच राहतात, आपल्या लालसारखे. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारी मुलं इथे डोकं धरून बसतात, कारण त्यांच्या इंग्रजीत रंग कधी बदलतच नाही. ईशानला फक्त सांगा, “काही रंग पिवळ्यासारखे, काही लालसारखे.” लिंगं मात्र जुळतीलच असं नाही. आपला चंद्र पुरुष, त्यांची ‘लूना’ बाई. मुलं यावर खूप हसतात, हसू द्या. आणि घरातल्या घरात सतत चुका काढत बसू नका. रोहा-रोहो ते वर्गात महिनाभरात आपोआप सुधारतं.

आता सातांची ओळ. ती कधी शिकवायची? वस्तूंवरून पाच-सहा रंग पक्के झाले की. तेव्हा तुमच्याजवळ एक हुकमी पत्ता आहे. शाळेत घोकलेलं ‘तानापिहिनिपाजा’ तुम्हाला अजून येत असणार. इंग्रजी शाळांत जो क्रम पाठ करून घेतात तो जांभळ्यापासून तांबड्याकडे जातो. स्पॅनिश मुलं मात्र तांबड्यापासून सुरू करतात, आपल्यासारखीच: रोहो, नारांहा, आमारियो, बेर्दे, आथुल, आन्यिल, बियोलेता. ता-ना-पि-हि-नि-पा-जा. एकाखाली एक लावा, जागेवर बसतात. दुसऱ्या जागी तर दोन्हीकडे ‘ना’च आहे. आधी तुमचं तानापिहिनिपाजा त्याला शिकवा, मग त्याच्याकडून त्याचं ऐका.

आणि एकदा तरी खरं इंद्रधनुष्य दाखवा. श्रावणातले दिवस आहेत, ऊन-पावसाचा खेळ चाललेलाच आहे. फक्त कधी आणि कुठे बघायचं हे माहीत हवं. सूर्य आपल्या पाठीशी आणि पाऊस समोर पाहिजे. थेंबात शिरलेला प्रकाश वाकतो, आतल्या आत परततो आणि बाहेर पडताना रंगांत फुटतो. तांबडा रंग आपल्याकडे सुमारे 42 अंशांच्या कोनातून येतो, म्हणून सूर्य त्याहून वर चढलेला असेल तर जमिनीवरून कमान दिसत नाही. त्यामुळे भर दुपारी कितीही ऊन-पाऊस झाला तरी व्यर्थ. सकाळी नऊच्या आत पश्चिमेला, येऊरच्या डोंगरांच्या बाजूला बघा. संध्याकाळी साडेपाच-सहानंतर पूर्वेला, कोपरी आणि खाडीच्या बाजूला. सूर्य जितका खाली, तितकी कमान उंच. नौपाड्यातल्या इमारतींच्या गर्दीत गॅलरीतून दिसणं कठीण, गच्चीची किल्ली मागून ठेवा. कमानीत तांबडा बाहेर म्हणजे वर असतो आणि जांभळा आत, तेव्हा वरून खाली वाचलं की गाण्याचाच क्रम येतो. तिच्या बाहेर दुसरी फिकट कमान दिसली तर तिच्यातले रंग उलटे असतात. ते ईशानला स्वतःला शोधू द्या, आधी सांगू नका.

पावसाने दगा दिला तर परात आहेच. स्टीलची परात पाण्याने भरून जिथे थेट ऊन येतं तिथे जमिनीवर ठेवा. हातातला छोटा आरसा पाण्यात तिरका, परातीच्या कडेला टेकवून उभा करा, अर्ध्याहून जास्त पाण्याखाली. ऊन पाण्यातून आरशावर पडू दे. मग आरसा अगदी सावकाश मागे-पुढे कलता करा आणि समोरच्या भिंतीकडे किंवा छताकडे बघत राहा. आधी एक पांढरा कवडसा नाचेल. त्याच्या आसपास, पाण्यातून परतलेल्या उजेडाचा दुसरा कवडसा सापडतो आणि त्याच्या कडा रंगीत असतात. पाणी हललं की रंग मोडतात, थांबलं की पुन्हा जुळतात. पाच मिनिटं तरी हात स्थिर ठेवावा लागतो, आणि सहा वर्षांचं मूल त्या पाच मिनिटांत श्वास रोखून बसतं. तेव्हा त्याला विचारा, ‘दे के कोलोर एस?’ आरशातल्या सूर्याकडे मात्र सरळ बघायचं नाही, हे आधी बजावून ठेवा.

इंद्रधनुष्याबाहेरचे रंग बाजारात मिळतात. रोजच्या वापरात जांभळ्याला स्पॅनिशमध्ये ‘मोरादो’ म्हणतात. हा शब्द ‘मोरा’ म्हणजे तुतीसारख्या फळावरून आला आहे, जसा आपला जांभळा जांभळावरून. गुलाबी म्हणजे ‘रोसा’, आणि रोसा म्हणजेच गुलाब. आकाशी म्हणजे ‘थेलेस्ते’, तोही आकाशाशीच जोडलेला. जांभळी नाक्यावर भाजीला जाताना त्याला बरोबर न्या. गाजर नारांहा, वांगं मोरादो, टोमॅटो रोहो, मिरच्या आणि कोथिंबीर बेर्दे. पिशवी त्याच्या हातात द्या. फार बोलायची गरज नाही.

एक गोष्ट जाता जाता. बेर्दे आणि रोहोत तो पुन्हा पुन्हा अडकत असेल, तर मराठीतही हिरवा आणि तांबडा तो चुकतो का ते बघा. मराठीतही चुकत असेल तर तो भाषेचा प्रश्न नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मुलींपेक्षा मुलग्यांत हा दोष बराच जास्त आढळतो.

आता क्लासच्या बाईंनी मराठी कमी करायला सांगितलं, त्याबद्दल. हे मी कळकळीने सांगते: तसं करू नका. ईशानला ‘निळा’ म्हणजे काय हे मराठीत कळलंय, म्हणून त्याला आथुलचा अर्थ दोन दिवसांत कळतो. रंग ही कल्पना त्याच्याकडे आहे, त्यावर फक्त दुसरं नाव ठेवायचं आहे. मराठी कमी केली म्हणून स्पॅनिश वाढत नाही, नुसतं घर मुकं होतं. आणि हिशेबच करायचा तर असा करा. सहा वर्षांचा म्हणजे तो तिथे प्राथमिकच्या पहिल्या वर्गाच्या वयाचा. सकाळपासून दुपारपर्यंत शाळा, शाळेत स्पॅनिश, मैदानात स्पॅनिश, खाली बागेत स्पॅनिश. वर्षभरात ते त्याच्या तोंडी इतकं बसेल की आई-वडिलांनाच तो दुरुस्त करेल. मराठी मात्र त्याला तिथे रस्त्यावर मिळणार नाही. ती त्याच्या घरातून आणि तुमच्याकडूनच येणार. तेव्हा हे सात महिने स्पॅनिशपेक्षा मराठीसाठी जास्त मोलाचे आहेत. गोष्टी सांगा, भेंड्या खेळा, तुमच्या लहानपणीचं ठाणं सांगा. स्पॅनिश रंग त्याच्या मधेमधे पेरा, पोह्यांवर खोबरं घालतो तेवढे.

डिसेंबर-जानेवारीत जमलं तर ऐरोलीला एक फेरी करा. खाडीत रोहित पक्षी तोवर आलेले असतात. ठाणे खाडीचा तो भाग 2015 साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला आणि 2022मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने जवळ नेतात. रोहित पक्ष्याला स्पॅनिशमध्ये ‘फ्लामेन्को’ म्हणतात, त्यांच्या त्या प्रसिद्ध नाचाचं नाव आहे तेच. चिखलात उभी असलेली ती गुलाबी रांग दाखवून म्हणा, ‘फ्लामेन्को रोसा’. पिल्लं करडी असतात, म्हणजे ‘ग्रिस’. खाण्यातल्या शेवाळातला रंग अंगात उतरत उतरत ती गुलाबी होतात. स्पेनमध्येही मालागाजवळ फुएन्ते दे पिएद्रा नावाच्या सरोवरात रोहित पक्षी घरटी करतात. आई-वडील त्याला तिथे नेतील, तेव्हा हे पक्षी त्याने आधी तुमच्याबरोबर पाहिलेले असतील.

मार्चच्या शेवटच्या रविवारी स्पेनची घड्याळं तासभर पुढे जातात, मग त्यांच्या-आपल्यात साडेतीन तासांचा फरक राहतो. तो शाळेतून चारच्या सुमारास घरी आला की तुमच्याकडे साडेसात, म्हणजे दिवेलागण होऊन गेलेली. व्हिडिओ कॉलची ती वेळ आत्ताच ठरवून ठेवा. पहिला प्रश्न त्याने विचारायचा, तुमच्या साडीकडे बघून: ‘दे के कोलोर एस?’ साडी कोणती नेसायची ते तुम्ही ठरवा. पहिल्या दिवशी पिवळी बरी. पारवी नेसलात तर त्याला ती निळीची वाटी आठवावी लागेल.